नळीतलं शिसं

१३ जानेवारी २०२५, सोमवार

अब्बा उर्दू वाचतात. मराठी बोलतात फक्त. कलेक्टर कचेरीची पत्रं त्यांना मीच वाचून दाखवते. म्हणून ही वही मराठीत लिहायची. उशाशी उघडी राहिली तरी हरकत नाही.

आज आमचं हत्यारं दुरुस्तीचं दुकान झाडून होत नाही तोच धुळ्याहून लोटन आला. हा बँकांच्या रोकड गाडीवर पहारेकरी असतो. कमरेला स्वतःच्या परवान्याचं बत्तीस बोअरचं रिव्हॉल्व्हर. एरवी आला की आधी अम्मीची चौकशी करतो, मग चहा मागतो. आज त्याने काहीच विचारलं नाही. हत्यार बाकावर ठेवलं आणि उभाच राहिला.

गोळ्यांचं चक्र बाहेर काढून मी त्याची सहाही घरं रिकामी आहेत का ते पाहिलं. दोनदा पाहिलं. मग ऐकलं, ते असं. मागच्या आठवड्यात कंपनीचा गोळीबाराचा सराव होता. लोटनने दुसरी गोळी झाडली तेव्हा चक्र आणि नळी यांच्यामधल्या फटीतून शिशाचा कण बाजूला उडाला आणि शेजारच्या पहारेकऱ्याच्या गालात घुसला. डोळा दोन बोटांनी वाचला. कंपनीचे शस्त्र तपासनीस रुपचंद साहेब यांनी तिथेच सांगितलं की तीस तारखेच्या आत दुरुस्ती आणि मिस्त्रीचा दाखला. तीसला पुन्हा चाचणी. पुन्हा कण उडाला तर लोटन गाडीवरून खाली. हत्यार नाही तर पहारेकरी कशाचा?

"मागला वरीसले तुम्हीच साफ करी दिन्हं ना, खाजाभाऊ?" लोटन अब्बांना म्हणाला. "मंग हाई कसं व्हयनं?"

अब्बांनी नळीच्या मागच्या तोंडाशी अंगठ्याचं नख धरलं आणि पुढून डोळा लावला. नखावरचा उजेड नळीतून दिसतो. चाळीस वर्षं ते असंच बघतात. बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, चांदी आहे, चांदी. दोष चक्राचा, घर नळीसमोर नीट येत नसणार. मग मी पाहिलं. खरंच चमकत होती. रजिस्टरात लिहिलं: नळी चमकदार, चक्र तपासणे.

हत्याराचा नंबर अब्बांनी मला तीनदा वाचायला लावला. तुझ्या तोंडून ऐकलं की माझ्या लक्षात राहतं, म्हणतात. पाच आकडे. मी काय शाळेत आहे?

१५ जानेवारी, बुधवार

काल संक्रांतीच्या पतंगांपायी गल्लीत पाऊल टाकायला जागा नव्हती. आज काम.

सहाही घरं एकेक करून नळीसमोर आणली आणि मापाचा गज आरपार सोडला. एकदाही अडला नाही. शंका नको म्हणून पुन्हा पहिल्यापासून केलं. चक्रात काडीचा दोष नाही.

अब्बांना सांगितलं. ते म्हणाले, गज बारीक असेल. गज त्यांनीच बनवलेला आहे.

मग शिसं उडतं कुठून? दुपारी सगळे जेवायला गेल्यावर मी बारीक टॉर्च घेतला आणि यावेळी चमक बघायची नाही, खाचा मोजायच्या असं ठरवलं. गोळीला फिरकी देण्यासाठी नळीत पिळदार खाचा असतात. पुढच्या तोंडाशी पाच खाचा, कडा धारदार. तसंच मागे मागे सरकत गेले. मध्यावर पाच. मागच्या तोंडापासून बोटभर अंतरावर कडा बोथट. आणि अगदी मागे, जिथे गोळी चक्रातून नळीत शिरते तिथे, एकही नाही. नुसती गुळगुळीत चमक.

ते लोखंड चमकत नव्हतं. खाचा भरून वर आलेलं शिसं चमकत होतं, तेल पिऊन आणि चिंध्यांनी घासून गुळगुळीत झालेलं. नळी तिथे अरुंद झाली आहे. गोळी तिथे सोलली जाणार आणि सोललेलं फटीतून बाहेर उडणार.

दोन दिवस मी घाण बघून तिला चांदी म्हणत होते. रजिस्टरात तसं लिहूनही ठेवलं. अम्मीचा लहानपणापासूनचा नियम आहे, लिहिलेलं खोडायचं नाही. म्हणून खाली नवी ओळ लिहिली: मागच्या तोंडाशी शिसे दाट, आधीची नोंद चुकीची. सही केली.

दिवसाढवळ्या अब्बांनी बाकावरचा मोठा दिवा लावून ठेवला होता. बंद केला. त्यांनी परत लावला.

१६ जानेवारी, गुरुवार

विरघळवणारं औषध नळीत भरून रात्रभर ठेवलं होतं. सकाळी पितळी ब्रशने घासलं. ब्रश एका बाजूने घालायचा, पार बाहेर काढायचा, मगच परत घ्यायचा. आत उलटा फिरवला तर तारा मोडतात. अशा शंभर फेऱ्या. फलालीनची पट्टी काळी निघाली. पुन्हा शंभर. काळी. पुन्हा शंभर. पट्टी पांढरी. मी खूश. टॉर्च लावला.

खाचा नाहीत. चमक आधीपेक्षा जास्त.

१७ जानेवारी, शुक्रवार

चारशे फेऱ्या. काळं निघतं ते जळलेल्या दारूचं. शिसं जागचं हलत नाही. ब्रशच्या तारा वाकल्या, शिसं नाही.

जुम्मा म्हणून दुकान दुपारी बंद. नमाजवरून येताना अब्बा भिंतीच्या कडेकडेने, हात भिंतीला लावत आले. रस्ता एवढा रुंद आहे. मी म्हटलं, लोक बघतात. म्हणाले, ऊन लागतं.

१८ जानेवारी, शनिवार

आज मी एका माणसाचा अपमान केला. लिहून ठेवायला हवं.

हिशेब असा केला. मागच्या जानेवारीत नळी साफ करून दिली. मग एका वर्षात एवढं शिसं साठायला शे-दोनशे गोळ्या झाडाव्या लागतील. लोटनला सरावात मिळतात बारा. म्हणजे उरलेल्या त्याने कुठूनतरी मिळवल्या आणि कुठेतरी झाडल्या. कोणावर?  गुन्ह्यातलं हत्यार दुरुस्त केलं तर आपण कोण? अब्बांना न सांगता मी लोटनला फोन लावला आणि वर्षभरात किती गोळ्या झाडल्या ते खरं सांगायला सांगितलं.

तो म्हणाला, "ताई, बारा. कंपनीना कागद शे मनापाशी. तुमले काय वाटस, मी शिकारले जास?"

अर्ध्या तासात कागदाचा फोटो आला. सहा जानेवारीत, सहा जुलैमध्ये, रिकाम्या पुंगळ्या जमा, शिक्का, सही. खाली त्याने काहीही लिहिलं नव्हतं. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. मी "माफ करा लोटनभाऊ" असं पाठवलं. निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही.

मग शिसं आलं कुठून?

२० जानेवारी, सोमवार

मागच्या वर्षीचं रजिस्टर काढलं. १७ जानेवारी, लोटन, धुळे. "नळी साफ केली. चांदीसारखी." सही अब्बांची, अक्षर माझं.

माझंच. अब्बा सांगतात आणि मी लिहिते. हे वाक्यही मी लिहिलं, नळीत न डोकावता.

आणि बारा गोळ्यांनी एवढं शिसं साठत नाही. म्हणजे ते तेव्हाही होतं. त्याआधीच्या बिनसाफीच्या वर्षांचं, थरावर थर.

अब्बांना विचारलं, अगदी हळू, की मागच्या वेळी मागचं तोंड नीट बघितलं होतं का? त्यांनी हातातली कानस खाली ठेवली. चाळीस वर्षं म्हणाले. पोलिसांची हत्यारं म्हणाले. तू पाचवीपर्यंत शाळेचं तोंड पाहिलं नाहीस, दम्यामुळे घरी होतीस, तेव्हा वजाबाकी तुला या बाकावर रिकाम्या पुंगळ्या मांडून कोणी शिकवली, म्हणाले. सगळं खरं आहे. प्रश्नाचं उत्तर तेवढं त्यात नव्हतं.

मग स्वतःच म्हणाले, एवढं शिसं असेल तर पारा आण. सराफ बाजारात कारागिरांकडे मिळतो. नळीचं एक तोंड बुचाने बंद करायचं, पारा ओतायचा, हलवायचा. पारा शिसं खाऊन टाकतो. त्यांचे उस्ताद असंच करत.

मी नाही म्हटलं. पाऱ्याची वाफ दिसत नाही, वासही येत नाही, आणि मेंदूत जाते. बीएस्सीला तीन वर्षं मी हेच शिकले.

"उस्ताद ऐंशी वर्षं जगले," अब्बा म्हणाले.

उस्तादांचे हात शेवटी कापत होते, हेही अब्बांनीच मला कधीतरी सांगितलं आहे. आज ते बोलले नाहीत.

२१ जानेवारी, मंगळवार

तांबं शिशापेक्षा कडक आणि लोखंडापेक्षा मऊ. म्हणजे तांब्याच्या तारेने शिसं खरवडलं जाईल आणि नळीला चरा पडणार नाही. भांडी घासायची तांब्याची घासणी उसवून तिच्या तारा ब्रशला गुंडाळायच्या. इतकं सोपं. मीच मूर्ख, आधी सुचलं नाही.

पहिल्या दुकानातून घासणी आणली. पाकिटावर तांब्याची म्हणून लिहिलेलं. लोहचुंबक लावला, टपकन चिकटली. आत लोखंड, वरून तांब्याचा मुलामा. ही घातली असती तर नळीचं वाटोळं.

दुसऱ्या दुकानात चुंबक सोबत नेला. दुकानदार म्हणाला, ताई, भांडी घासायची आहेत की चोर पकडायचा आहे? चिकटली. तिसऱ्या दुकानातली चिकटली. चौथा म्हणाला, शुद्ध तांबं आहे, गॅरंटी. चिकटली. त्याने माझ्या हातातला चुंबक घेऊन उलटसुलट पाहिला आणि म्हणाला, तुमचाच चुंबक जास्त जोरात आहे.

चार घासण्या घेऊन घरी आले. अम्मी म्हणाली, एवढी भांडी कुठे आहेत आपल्याकडे?

२२ जानेवारी, बुधवार

 जे झालं ते तसंच लिहिते.

मी पोस्टातून परत आले तर दुकानात अब्बा एकटे, खाली बसलेले. समोर छोटी काचेची बाटली आडवी. त्यांनी पारा आणवलाच होता, सराफ बाजारातल्या ओळखीच्या कारागिराकडून. ओतताना नळीच्या तोंडाऐवजी बाजूला ओतला. आमची फरशी काळी आहे. त्या काळ्या फरशीवर पाऱ्याचे थेंब सगळीकडे चमकत होते, मोहरीएवढे, वाटाण्याएवढे. बाकाखाली, दारापर्यंत. आंधळ्यालाही दिसावेत असे.

आणि अब्बा हाताने फरशी चाचपत होते. सगळ्यात मोठा थेंब त्यांच्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर होता. हात त्याच्या बाजूने गेला आणि परत आला. पुन्हा गेला. ते मला म्हणाले, "काही नाही, थोडासा सांडला. एक-दोन थेंब असतील. मिळाले सगळे."

मी दारातच उभी राहिले. ते माझ्याकडे बघत होते, पण माझ्या खांद्याच्या जरा बाजूला.

मग मी ओरडले. काय ओरडले ते लिहीत नाही. त्यांना हाताला धरून बाहेर ओट्यावर बसवलं, पंखा बंद केला, दार-खिडकी सताड उघडली. तोंडाला ओढणी बांधून दोन पोस्टकार्डांनी एकेक थेंब एकत्र केला, ड्रॉपरने उचलला, पाणी घातलेल्या बरणीत बंद केला. फटींतल्यावर गंधकाची पूड टाकली. तीन तास. मला श्वास लागला, पंप घ्यावा लागला. अब्बा बाहेरून विचारत होते, झालं का? एक-दोन थेंबांना एवढा वेळ?

२३ जानेवारी, गुरुवार

अम्मीला माहीत होतं. दिवाळीपासून नाही, मागच्या दिवाळीच्याही आधीपासून. अब्बांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं. अब्बा म्हणाले, ऑपरेशन केलं की गावभर होईल, दुकानाच्या परवान्याच्या नूतनीकरणाला डोळ्यांचा दाखला मागतील. मिसबाहचं, म्हणजे माझं, नाव परवान्यावर चढेपर्यंत थांबायचं. माझा अर्ज आठ महिने कचेरीत पडून आहे. तोवर अम्मीने तोंड बंद ठेवायचं.

"तुला सांगितलं असतं तर तू दुसऱ्या दिवशी कचेरीत जाऊन सांगून आली असतीस," अम्मी म्हणाली.

मला राग आला, कारण ते खरं आहे.

नंबर तीनदा वाचायला लावणं. भिंत. दिवा. बशीबाहेर सांडणारा चहा, ज्यावरून मी रोज कटकट केली. वर्तमानपत्रात काही नसतं म्हणून बंद केलेलं वर्तमानपत्र. मी नळीतल्या खाचा मोजत होते.

२४ जानेवारी, शुक्रवार

मामूंचा शेहजाद विजेच्या सामानाचं दुकान चालवतो. सहज बोलता बोलता त्याला घासण्यांचं रडगाणं सांगितलं. त्याने न बोलता लवचीक वायरचा तुकडा काढला, वरचं प्लास्टिक सोललं आणि आतल्या केसासारख्या बारीक तारांचा झुपका माझ्या हातावर ठेवला. चुंबक लावला. ढिम्म. अस्सल तांबं. म्हणाला, भांड्यांची चार दुकानं फिरलीस, सख्खा मामेभाऊ आठवला नाही.

जुन्या ब्रशला त्या तारा गुंडाळल्या, नळीत घट्ट जातील इतक्याच. तेलात बुडवलं. हातमोजे घातले. आत घातला.

हाताला कळलं. इतके दिवस ब्रश आत घसरत होता. आज तो खरवडत होता, खर्र खर्र. दहाव्या फेरीला पांढऱ्या कागदावर शिसं पडलं. पूड नाही, सोलपटं. नखाएवढी लांब, पातळ, एका बाजूला खाचेचा आकार उमटलेली. विसाव्याला आणखी. मी एकटीच दुकानात हसले.

अर्ध्या तासात मागच्या तोंडाशी पाच खाचा. मग चक्राच्या सहाही घरांच्या तोंडाशी साठलेली शिशाची कडीही तशीच काढली. सोलपटं डबीत भरली, हात साबणाने तीनदा धुतले, ओढणी वेगळी भिजवली.

अब्बांना नळी दिली. सवयीने त्यांनी नख लावलं, डोळा लावला. मग नळी खाली घेतली, फलालीनची घट्ट पट्टी गजावर चढवून हळूहळू आरपार ढकलली. परत ढकलली.

"आता कुठेच अडत नाही," म्हणाले.

कालपासून आमच्यात झालेलं हे पहिलं बोलणं.

२६ जानेवारी, रविवार

मी ते करायला नको होतं असं अम्मी म्हणते. मी दोन वर्षांचं रजिस्टर काढलं आणि "नळी साफ" असं जिथे जिथे माझ्या अक्षरात आणि अब्बांच्या सहीने लिहिलं आहे त्यांची यादी केली. एकोणीस. नशिराबादची तीन, पहूरची दोन, पाचोऱ्याची चार, बाकी जळगाव आणि धुळे.

अब्बांना म्हटलं, या सगळ्यांना परत बोलवायला हवं. कोणाच्या नळीत काय आहे आपल्याला माहीत नाही. उद्या एखाद्याचा डोळा गेला तर?

ते म्हणाले, एकोणीस माणसांना सांगायचं की खाजा मिस्त्री आंधळा झाला? मार्चमध्ये नूतनीकरण आहे. परवाना गेला तर तुझं नाव चढवणार कशावर? तू कोणाला एक अक्षर बोलणार नाहीस. तीस तारखेलाही नाही.

मी म्हटलं, मी बोलणार. ते म्हणाले, मग बाप म्हणू नकोस. अम्मी म्हणाली, जेवून घ्या.

कोणी जेवलं नाही.

३० जानेवारी, गुरुवार

धुळ्याहून रात्री आठला परतलो. थकले आहे, पण आजचं आजच लिहायला हवं.

सकाळच्या एसटीने गेलो. एरंडोल, पारोळा, सगळा रस्ता अब्बा खिडकीकडे तोंड करून. मी मनात वाक्य पाठ करत होते: साहेब, मागच्या वर्षीची सफाई नीट झाली नव्हती, त्यात लोटनची चूक नाही. इतकंच. अब्बांच्या डोळ्यांबद्दल काही नाही. किती वेळा घोकलं देव जाणे.

मैदान गावाबाहेर, मातीचा उंच बांध. लोटन आधीच आला होता. त्याने अब्बांना सलाम केला, माझ्याकडे पाहिलं नाही. रुपचंद साहेब उंच, पांढऱ्या मिशा, राज्य राखीव दलातून निवृत्त. आवाज कुठेही चढवत नाहीत. त्यांनी मी लिहून आणलेला दाखला वाचला, डबीतली सोलपटं तळहातावर घेतली आणि बराच वेळ पाहिली. मग लोटनला म्हणाले, मागच्या वर्षी साफ करून आणलं म्हणाला होतास. बारा गोळ्या दिल्या मी तुला. हे बारा गोळ्यांचं शिसं नाही. बाकीच्या कुठे झाडल्यास?

अगदी माझाच हिशेब. माझाच संशय.

लोटनचा चेहरा पडला. म्हणाला, "साहेब, मना पोऱ्यासनी शप्पथ..."  साहेब म्हणाले, शपथ नको, हे आता पोलिसांना कळवावं लागेल. बाकीचे पहारेकरी बघत होते.

तेव्हा मी बोलायला हवं होतं. वाक्य तयार होतं. पण मला परवाना दिसत होता, बाक, आमचं दुकान, त्यावरची पाटी. मी खाली बघत राहिले. हे मी इथे लिहिते आहे, म्हणजे पुढे कधी मी स्वतःला फार प्रामाणिक समजणार नाही.

बोलले अब्बा.

"साहेब, त्याला सोडा. शिसं जुनं आहे. मागच्या वर्षी मी न काढताच परत दिलं." मग थांबून म्हणाले, "मला दिसलं नाही. मला दीड-दोन वर्षं नीट दिसत नाही."

 साहेबांनी विचारलं, मग यंदा कोणी काढलं? अब्बांनी माझ्याकडे हात केला. थोडा चुकला, लोटनकडे गेला. लोटनने त्यांचं मनगट धरून माझ्याकडे वळवलं.

साहेबांनी स्वतः नळी तपासली, टॉर्च लावून. मग फटीच्या दोन्ही बाजूंना पांढरे पुठ्ठे उभे करून घेतले, सगळ्यांना मागे हटवलं आणि लोटनला सहा गोळ्या झाडायला लावल्या. नंतर पुठ्ठे उन्हात धरून बघितले. काजळी होती. एकही भोक नाही, चरा नाही.

दाखल्यावर परवानाधारकाचीच सही चालते. साहेब म्हणाले, करा. अब्बांनी विचारलं, बघितलं हिने आणि सही माझी, हे खरं होईल का? साहेबांनी थोडा विचार केला. मग दाखल्यावर स्वतः एक ओळ लिहिली: काम व तपासणी मिसबाह खाजा, चाचणी माझ्यासमोर. त्याखाली अब्बांची सही कुठे करायची ते बोट धरून दाखवलं. निघताना म्हणाले की नूतनीकरणाच्या वेळी मला हे कचेरीत विचारलं गेलं तर मी लपवणार नाही. अब्बा म्हणाले, लपवू नका.

लोटन स्टँडपर्यंत सोडायला आला. बस लागल्यावर माझ्याकडे बघून म्हणाला, "ताई, माले शिकारवर कधी लई जातीस?" एवढंच. मी हसले की रडले, मला नक्की सांगता येणार नाही.

१ फेब्रुवारी, शनिवार

ऑपरेशनची तारीख मिळाली, दहा. आधी उजवा डोळा. परवान्याचं काय होईल माहीत नाही. कचेरीत जाऊन विचारलं तर कारकून म्हणाला, अर्ज विचाराधीन आहे. आठ महिन्यांपूर्वीही हाच शब्द होता.

सकाळी अब्बा दुकानात आले, खुर्चीत बसले आणि म्हणाले, यादी वाच. मी म्हटलं, पत्रं मी पाठवते, तुम्ही नका. म्हणाले, सही कोणाची होती? नंबर लाव.

मी एकेक नंबर लावत गेले आणि फोन त्यांच्या हातात देत गेले. मला वाटलं होतं लोक चिडतील, शिव्या देतील, पोलिसांत जाऊ म्हणतील. तसं एकानेही केलं नाही. त्याहून वाईट केलं. कोणी ऐकूनच घेईना. नशिराबादचे गृहस्थ म्हणाले, खाजाभाऊ, तुमचं काम म्हणजे बघायला नको. पहूरवाले म्हणाले, उन्हाळ्यात बघू, आता कापसाची गडबड आहे. एकाने अम्मीची तब्येत विचारली आणि ठेवून दिला. एक म्हणाला, तुम्ही थट्टा करता. चार झाले, सात झाले. अब्बांचा आवाज दर वेळी थोडा वर जात होता. तुमच्या नळीत शिसं असेल, आणा. नाही, पैसे नको. नाही, थट्टा नाही. मी चुकलो असेन. अहो, मी म्हणतोय ना, मी.

अकरावा फोन पाचोऱ्याचा. तिथले नाना, वय पंच्याहत्तर, बारा बोअरची बंदूक आणि एक रिव्हॉल्व्हर. नानांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, खाजा, तू हात लावलेल्या हत्याराला दुसऱ्यांदा बघायची गरज नाही, तुझ्या नजरेवर माझा भरवसा आहे.

अब्बा खुर्चीतून उठले. फोन तोंडासमोर धरला आणि एवढ्या जोरात बोलले की समोरचा किल्लीवाला दुकानाबाहेर आला, ओट्यावरच्या बायका वळल्या, गल्लीतली सायकल थांबली:

"अहो नाना, तेच सांगतोय केव्हाचा! मला दिसत नाही! दिसत नाही मला!"

पलीकडून नाना म्हणाले, बरं बरं, सोमवारी आणतो, ओरडतोस कशाला.

अब्बांनी फोन माझ्याकडे दिला. कपाळ पुसलं. म्हणाले, पुढचा.